रॉनीपासून सुरुवात नको

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. प्रश्न दोन आहेत, पण तू ते एकाच वाक्यात कोंबलेस: स्नूकरमधला सगळ्यात मोठा खेळाडू कोण, आणि त्याच्यासारखं खेळायचं तर सुरुवात कुठून करायची. पहिल्या प्रश्नावर क्लबात चहाचे तीन कप रिकामे होतात आणि निकाल लागत नाही, म्हणून तो आधी उरकतो. खरं बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल.

तू रॉनी ओ'सुलिव्हनच्या क्लिप बघतेस हे लिहायची गरज नव्हती, खेळात दिसतं. चालत येतेस, वाकतेस, मारतेस. व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) कुठे थांबवायचा हे ठरायच्या आत क्यू, म्हणजे काठी, सुटलेला असतो. तिशीचा ब्रेक (एकाच खेपेत तीसेक गुण) होतो, मग एखादा रेड, म्हणजे लाल बॉल, पॉकेटच्या जबड्यात खुळखुळून बाहेर राहतो आणि समोरच्याला टेबल उघडं मिळतं. रॉनी वेगात खेळतो, कारण खाली वाकायच्या आधी त्याचे निर्णय झालेले असतात. तुझे तेव्हा सुरू होतात.

आता आकडे. जगज्जेतेपदं अशी: जो डेव्हिस १५, स्टीफन हेंड्री आणि ओ'सुलिव्हन प्रत्येकी ७, रे रिअर्डन आणि स्टीव्ह डेव्हिस प्रत्येकी ६. हे आकडे एका रांगेत मांडून तुलना केलीस की फसलीस. जोने १९२७ ची पहिली स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्या हाती साडेसहा पौंड पडले, आणि १९३१ साली तर स्पर्धेत मुळात दोघेच उतरले होते. म्हणून त्याला हलक्यात काढायचं कारण नाही. १९४० ची फायनल त्याने सख्ख्या धाकट्या भावाविरुद्ध, फ्रेडविरुद्ध, ३७–३६ अशी काढली. १९४६ ची ७८–६७, म्हणजे १४५ फ्रेम्सचा (डावांचा) सामना. त्यानंतर तो या स्पर्धेतून न हरताच बाजूला झाला. १९५२ साली व्यावसायिक खेळाडू आणि नियामक मंडळ यांचं फाटलं, १९५७ नंतर काही वर्षं स्पर्धाच झाली नाही, आणि १९६४ पासून १९६८ पर्यंत जॉन पुलमन एकेका आव्हानवीराशी खेळून किताब राखत राहिला. बाद पद्धतीची स्पर्धा १९६९ साली परतली. आधुनिक काळ मोजतात तो तिथून.

रँकिंग किताबांचंही (ज्या स्पर्धांचे गुण जागतिक क्रमवारीत धरतात त्यांचे किताब) तेच. स्टीव्ह डेव्हिस २८, हेंड्री ३६, रॉनी ४१. पण १९८२ पर्यंत रँकिंगचे गुण फक्त वर्ल्ड चॅम्पियनशिपला मिळत. यूके चॅम्पियनशिपला तो दर्जा १९८४ मध्ये मिळाला, म्हणजे डेव्हिसने १९८० आणि १९८१ मध्ये जिंकलेल्या यूके त्या २८ मध्ये नाहीत. मास्टर्स ही निमंत्रितांची मोठी स्पर्धा तर कुणाच्याच हिशेबात नाही. माझं मत विचारशील तर एका दशकावर हेंड्रीइतकी पकड दुसऱ्या कुणाची नव्हती: १९९२ पासून १९९७ च्या फायनलपर्यंत क्रूसिबलमध्ये (शेफिल्डचं नाट्यगृह, जिथे वर्ल्ड चॅम्पियनशिप होते) तो सलग २९ सामने जिंकला. आणि रॉनीइतका लांब पल्ला कुणाचा नाही: यूकेचा पहिला किताब १९९३ मध्ये १७ व्या वर्षी, आठवा २०२३ मध्ये ४७ व्या वर्षी. पहिला प्रश्न संपला.

दुसरा. या पाचही जणांना वरवर पाहिलंस तर एक दुसऱ्यासारखा नाही. पण प्रत्येकाने आपल्या काळातल्या खेळातली एक ढिली जागा हेरली आणि ती इतकी घट्ट केली की बाकीच्यांना त्यांच्याशी बरोबरी करायला पाच-दहा वर्षं लागली. ती पाच-दहा वर्षं म्हणजेच त्यांचं राज्य. जोने ब्लॅकभोवतीची पोझिशन (पुढच्या फटक्यासाठी व्हाइट नेऊन ठेवणं) घट्ट केली, रिअर्डनने सेफ्टी (समोरच्याला काही न सोडणारा फटका), स्टीव्ह डेव्हिसने सरळ क्यू आणि निवड, हेंड्रीने पॅक (रेडचा त्रिकोणी गठ्ठा) फोडणं, रॉनीने व्हाइटचा प्रवास. इतिहास या क्रमाने घडला. शिकायचा क्रम मात्र वेगळा आहे, आणि रॉनी त्यात शेवटी येतो.

सुरुवात स्टीव्ह डेव्हिसपासून कर. लोक त्याला कंटाळवाणा म्हणायचे. ज्याचा क्यू दर वेळी त्याच रेषेत जातो तो बघायला कंटाळवाणाच असतो. वडील बिल यांनी जो डेव्हिसच्या पुस्तकातलं तंत्र समोर ठेवून त्याला घडवलं, आणि त्यातला एक सराव आजही जगभर चालतो. टेबल रिकामं कर. व्हाइट ब्राउनच्या स्पॉटवर (त्या बॉलच्या ठरलेल्या खुणेवर) ठेव. ब्लू, पिंक आणि ब्लॅकच्या स्पॉटवरून तो टॉप कुशनला (ब्लॅककडच्या टोकाच्या रबरी कडेला) लावायचा आणि त्याच रेषेत परत आणायचा. क्यू फॉलो-थ्रूमध्ये जिथे थांबला तिथेच धरून ठेव. परतलेला व्हाइट टिपला (क्यूच्या टोकाला) येऊन टेकला पाहिजे.

बॉक लाइन (ब्राउनच्या स्पॉटवरून जाणारी आडवी रेषा; तिच्या मागचा भाग म्हणजे बॉक) खालच्या कुशनपासून २९ इंचांवर असते आणि टेबलाची खेळण्याची लांबी ११ फूट साडेआठ इंच. म्हणजे व्हाइट जाऊन-येऊन अठरा फुटांहून जास्त पळतो, आणि एवढ्या अंतरात कणभर चूकही लपत नाही. चूक कुठली ते असं ओळख. जातानाच व्हाइट ब्लॅकच्या स्पॉटवरून गेला नाही, तर तुझी रेषा चुकली: पाय किंवा खांदा वाकडा पडलाय. जाताना सरळ गेला पण कुशनवरून उजवीकडे परतला, तर नकळत उजवी साइड (व्हाइटच्या मध्याच्या उजवीकडे टिप लागून आलेली फिरकी) लागली. डावीकडे परतला तर डावी. साइड लागण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शेवटच्या क्षणी मनगट वळणं किंवा कोपर बाहेर पडणं. तुझं बहुतेक मनगटच असेल, कारण मागची पकड तू मुठीसारखी आवळतेस. तिथे क्यू अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत असावा, उरलेली दोन बोटं नुसती टेकलेली. टिप व्हाइटला लागते त्या क्षणी कोपराखालचा हात जमिनीला काटकोनात हवा. क्यू मागे नेल्यावर एक क्षण थांब. हा थांबाच तुझ्याकडे नाही.

असे रोज ३० फटके, मध्यम वेगाने. टिपला परत आलेले मोज. पहिल्या आठवड्यात दहाही येणार नाहीत, घाबरू नकोस. वेग वाढवून बघायचा मोह होईल. ३० पैकी २० येईपर्यंत तो आवर.

आणखी एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. जो डेव्हिसचा उजवा डोळा अधू होता, म्हणून तो क्यू डाव्या डोळ्याखाली धरायचा. हनुवटीच्या मधोमध क्यू हा नियम सगळ्यांना लागू नाही. दूरच्या भिंतीवरचा एक ठिपका दोन्ही डोळ्यांनी बोटाने झाक, मग एकेक डोळा मीट. ज्या डोळ्याने बोट ठिपक्यावरच राहतं तो तुझा मुख्य डोळा. क्यू त्याच्याकडे सरकवून बघ.

डेव्हिसची दुसरी शिकवण निवडीची. फटक्याआधी तीन प्रश्न: हा बॉल सरावात दहापैकी किती वेळा जातो? गेला तर पुढचा बॉल नक्की आहे का? चुकला तर काय उघडं पडतं? तिसरा प्रश्न तू विचारतच नाहीस. दहापैकी सहा वेळा जाणारा लांबचा रेड, पॅक बंद असताना आणि व्हाइट बॉककडे परत येणार असताना, बिनधास्त मार. तोच रेड पॅक उघडा असताना आणि व्हाइट ब्लॅकजवळ राहणार असताना मारायचा नाही. बॉल तोच आहे, किंमत बदलली.

१९८५ ची फायनल तू अर्धी बघून सोडलीस असं लिहिलंस. पूर्ण बघ. डेव्हिस ८–० पुढे होता. शेवटच्या फ्रेममध्ये चार कलर (रेड सोडून बाकीचे रंगीत बॉल) उरले तेव्हा तो ६२–४४ पुढे होता. डेनिस टेलरने ब्राउन, ब्लू आणि पिंक घेतले, ६२–५९ झालं, आणि किताब एका ब्लॅकवर आला. डेव्हिसला एक पातळ कट (बॉलच्या कडेला जेमतेम घासायचा फटका) मिळाला आणि त्याने तो जास्तच पातळ कापला. टेलरने ब्लॅक टाकला. अख्ख्या सामन्यात टेलर पहिल्यांदा पुढे गेला तो त्या शेवटच्या बॉलवर. ब्रिटनमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती आणि १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर बसले होते. पुढच्या वर्षीची फायनलही डेव्हिस जो जॉन्सनकडून १८–१२ हरला. मग १९८७, १९८८, १९८९ सलग तीन किताब, त्यातली शेवटची फायनल जॉन पॅरटविरुद्ध १८–३. दोन जखमा झाल्यावर त्याने शैली बदलली नाही, कारण बिघडलेलं काही नव्हतंच. एक कट चुकला होता. तू मात्र एक फ्रेम हरलीस की पुढच्या फ्रेमला ब्रिज (क्यूला पुढच्या हाताचा आधार) बदलतेस.

यानंतर जो डेव्हिस. १९२७ च्या स्पर्धेतला सर्वांत मोठा ब्रेक होता ६०. त्या काळी स्नूकर म्हणजे एखाद-दुसरा पॉट (बॉल पॉकेटमध्ये टाकणं) आणि मग लपवाछपवी. जो बिलियर्ड्सचाही जगज्जेता होता, आणि बिलियर्ड्समध्ये बॉल एका कोपऱ्यात जवळजवळ ठेवून शेकडो गुण करण्याची जी कला आहे ती त्याने ब्लॅक आणि पिंकच्या आसपास आणली. जानेवारी १९५५ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअर हॉलमध्ये त्याने अधिकृत मान्यता मिळालेला पहिला १४७ चा ब्रेक केला. एकेका गुणाचे १५ रेड, प्रत्येकानंतर सात गुणांचा ब्लॅक, मग सहा कलरांचे मिळून २७.

आपल्याकडे हा बिलियर्ड्सचा धागा कधी तुटला नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ आणि १९६४ मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, मुंबईचे मायकल फरेरा तीनदा, आणि पंकज अडवाणी (हाही जन्माने पुण्याचा) दोन्ही खेळांत जगज्जेता. तुझ्या क्लबात संध्याकाळी बिलियर्ड्स खेळणारे दोन-तीन ज्येष्ठ असतील, तू त्यांच्या टेबलाकडे बघतही नसशील. आठवड्यातून एक तास त्यांच्याबरोबर खेळ. व्हाइट ढकलणं आणि व्हाइट नेऊन ठेवणं यातला फरक तिथे लवकर कळतो.

सराव असा. ब्लॅक आपल्या स्पॉटवर, टॉप कुशनपासून पावणेतेरा इंचांवर. त्याभोवती साधारण फूटभर अंतरावर दहा रेड गोल मांड. रेड, ब्लॅक, रेड, ब्लॅक. व्हाइट कुशनला लागला किंवा दुसऱ्या बॉलला घासला की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी तिसऱ्या ब्लॅकला अडकशील. कारण सांगून ठेवतो: तू ब्लॅकच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जातेस आणि नेमकी सरळ रेषेत येतेस. सरळ ब्लॅकवरून व्हाइट पुढे किंवा मागेच जातो, बाजूला जात नाही. मग जोर लावावा लागतो आणि जोर लावला की बॉल चुकतो. तुला थोडा कोन हवा. जवळचा सरळ ब्लॅक आणि हातभर लांबचा कोनातला ब्लॅक यांतला दुसरा घे.

रे रिअर्डनकडे मुलं सहसा वळत नाहीत. वेल्समधल्या ट्रेडेगरचा हा माणूस आधी खाणकामगार, मग पोलीस. व्यावसायिक झाला तो वयाच्या पस्तिशीत. १९७० ते १९७८ दरम्यान सहा किताब. त्यातली १९७५ ची ऑस्ट्रेलियातली फायनल एडी चार्ल्टनविरुद्ध ३१–३०, आणि शेवटचा किताब ४५ व्या वर्षी. जाड कापड, जड चालणारं टेबल. तिथे शतकांच्या राशी पडत नसत. समोरच्याला काही न देणं यावर सामने जिंकले जात.

तुझी सेफ्टी म्हणजे व्हाइट बॉककडे पाठवून देवाचं नाव घेणं. सेफ्टीत दोन बॉलांचा हिशेब असतो: व्हाइट कुठे थांबेल आणि रेड कुठे जाईल. पॅकच्या कडेचा रेड पाव बॉलपेक्षाही पातळ घ्यायचा, व्हाइट टॉप कुशन, मग साइड कुशन घेऊन बॉकमध्ये. इथे तीन गोष्टी बिघडतात. जाड लागलं तर रेड मोकळा होऊन बाहेर येतो आणि त्याने वेग खाल्ल्यामुळे व्हाइट ब्लूपाशीच मरतो. एका फटक्यात दोन चुका. वेग जास्त झाला तर व्हाइट बॉक कुशनला आपटून दीड-दोन फूट बाहेर येतो आणि समोरच्याला टेबलावर हात पसरून ब्रिज मिळतो. तिसरी चूक परतीच्या वाटेवर ब्लू किंवा ब्राउनला धडकण्याची: जाण्याची रेषा बघितली, येण्याची बघितलीच नाही. व्हाइट कुशनला चिकटून थांबला की समोरच्याला कुशनवरून ब्रिज करावा लागतो, व्हाइटचा वरचा भागच दिसतो, आणि स्क्रू (व्हाइटला मागे आणणारी फिरकी) त्याच्या हातून जातो. म्हणून बॉक कुशनपासून एक वीत हे तुझं माप. २० फटके मार आणि वितेच्या आत किती थांबले ते लिही. १२ झाले की मग व्हाइट ग्रीन किंवा ब्राउनच्या आड लपवायचा प्रयत्न कर, आधी नाही.

ब्रेक-ऑफही, म्हणजे फ्रेमचा पहिला फटका, याच शाळेतला. व्हाइट यलो आणि ब्राउनच्या मध्ये, उजवी साइड, पॅकच्या उजव्या टोकाचा रेड पातळ. व्हाइट टॉप कुशन, उजवं कुशन घेऊन टेबल ओलांडतो, डाव्या कुशनला लागून ग्रीनच्या मागे. साइड कमी पडली तर तो मधेच ब्लूवर येतो. सामन्यात निम्मे ब्रेक-ऑफ तुझेच असतात, आणि सरावात तू ते कधी मारत नाहीस.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर २०१४ ची फायनल बघ. रॉनी १०–५ पुढे होता. मार्क सेल्बीने त्याला सेफ्टीत इतकं गुंतवलं की सामना १८–१४ असा फिरला.

आता हेंड्री, इथे जरा बैस. त्याच्या आधी फ्रेम सहसा दोन-तीन खेपांत जिंकली जायची: चाळीस-पन्नास करा, व्हाइट बॉकमध्ये लपवा, समोरच्याच्या चुकीची वाट बघा. हेंड्रीने ती मधली वाटच काढून टाकली. लांबचा एक रेड, मग ब्लूवरून पॅकमध्ये, मग एकाच खेपेत फ्रेम. १९९० मध्ये २१ व्या वर्षी तो सर्वांत तरुण जगज्जेता झाला. १९९२ च्या फायनलमध्ये जिमी व्हाइट १४–८ पुढे असताना त्याने सलग दहा फ्रेम्स घेतल्या. १९९४ च्या यूके फायनलमध्ये केन डोहर्टीला १०–५ हरवताना १५ फ्रेम्समध्ये सात शतकं.

ब्लूवरूनच का? ब्लॅकवरून पॅकमध्ये जाताना व्हाइट पाच रेडच्या मागच्या सपाट रांगेवर आपटतो. ती भिंत आहे. व्हाइट बहुधा तिथेच चिकटतो, आणि जवळून जात असल्याने वेगही कमी असतो. ब्लू मिडल पॉकेटमध्ये टाकताना व्हाइट बॉकच्या बाजूने थोड्या कोनात असेल, तर पॉटनंतर तो आपोआप पॅककडे धावतो, मोकळ्या अंतरातून, वेग धरून. शिवाय मिडल पॉकेटचा ब्लू हातात बसला की जोराने मारतानाही विश्वास राहतो.

यात तुझं काय बिघडतं ते तुझ्या मागच्या तीन फ्रेम्समध्ये स्पष्ट आहे. पॅकच्या टोकाला पिंक उभा असतो, आणि तू व्हाइट नेमका त्या टोकावर नेतेस. पिंक भरून लागतो, रेड जेमतेम हलतात, व्हाइट मेला. पिंकच्या बाजूने, त्रिकोणाच्या कडेवरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या रेडवर जा. व्हाइट तिथून बाहेर सुटतो. दुसरं म्हणजे पॅक फोडायच्या आधी एक सुटा रेड शिल्लक ठेव, कुठल्याही पॉकेटला जाणारा. पॅकने दगा दिला तर तो हाताशी असतो. तू सगळे सुटे रेड संपवून मग पॅककडे वळतेस, तेव्हा तो फटका जुगार होतो. चार-पाच सुटे असतानाच फोड. तिसरं, जोर. फटका स्टनचा (बॉलला लागताना व्हाइटला पुढची-मागची फिरकी नसलेला) असू दे. पूर्ण ताकदीने मारलास की डोकं वर उचलतेस आणि ब्लूच जात नाही. दिवसाला पंधरा वेळा पॅक मांडून ब्लूवरून फोड, आणि प्रत्येक वेळी फोडल्यावर लगेच जाणारा रेड मिळाला का, एवढंच लिही. किती रेड पसरले ते बिनमहत्त्वाचं.

हेंड्रीचं राज्य संपलं कसं, तेही समजून घे. १९७५ मध्ये जन्मलेली तीन पोरं, रॉनी, जॉन हिगिन्स आणि मार्क विल्यम्स, १९९२ साली एकाच वेळी व्यावसायिक झाली. त्यांनी हेंड्रीचा हल्ला लहानपणीच आत्मसात केला होता, आणि सेफ्टी त्याच्याहून चांगली होती. १९९८ हिगिन्स, २००० विल्यम्स, २००१ रॉनी. १९९९ चा सातवा किताब हेंड्रीचा शेवटचा. लांबचा रेड हे त्याच्या यंत्राचं पहिलं चाक होतं; ते अडायला लागल्यावर बाकीचं यंत्र सुरूच होईना, आणि मधल्या काळात तगून राहायला सेफ्टीचा आधार पुरेसा नव्हता. म्हणून रिअर्डन आधी, हेंड्री नंतर.

आणि आता तुझा रॉनी. १९९७ मध्ये क्रूसिबलवर पाच मिनिटं आठ सेकंदांत केलेला १४७ तुला पाठ असेल. पुढच्या वेळी तो आवाज बंद करून बघ आणि फक्त व्हाइटवर नजर ठेव. किती कमी हलतो! बहुतेक पॉटनंतर हात-दीड हात. वेग पायात आहे, व्हाइटमध्ये नाही. तुझ्या ब्रेकमध्ये व्हाइटने किती कुशन घेतले हे मोजायला लाग. तिशीच्या ब्रेकला आठ-नऊ येत असतील तर पाचवर आण. दुसरं, तो दोन्ही हातांनी खेळतो, त्यामुळे रेस्ट (लांबच्या फटक्याला क्यू टेकवायची काठी) त्याला क्वचित लागतो. डाव्या हाताने रोज पंधरा सोपे, जवळचे पॉट, एवढं पुरे आहे सध्या.

पण तुला मुख्य सांगायचंय ते २००४ चं. रॉनी तेव्हा आधीच एकदा जगज्जेता झालेला होता, आणि खेळात सगळ्यात हुशार हात त्याचाच मानला जात होता. तो गेला कुणाकडे? ७१ वर्षांच्या रिअर्डनकडे. सेफ्टी शिकायला. त्या वर्षी सेमीफायनलमध्ये त्याने हेंड्रीला १७–४ आणि फायनलमध्ये ग्रॅहम डॉटला १८–८ हरवलं. पुढे २०११ पासून मनाच्या बाजूसाठी डॉ. स्टीव्ह पीटर्स यांची मदत घेतली, आणि २०१२, २०१३ असे लागोपाठ किताब आले. तू ज्याच्यापासून सुरुवात करतेस तो स्वतः मागे जाऊन शिकला.

महिलांच्या खेळात कोण, असंही तू कोपऱ्यात विचारलंयस. रिॲन इव्हान्स: २००५ पासून २०१४ पर्यंत सलग दहा, एकूण १२ जगज्जेतेपदं. तिच्याआधी ॲलिसन फिशर, सात. इव्हान्सची गोष्ट मला वेगळ्या कारणासाठी मोलाची वाटते. २०१७ मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या पात्रता फेरीत तिने रॉबिन हल या व्यावसायिक पुरुष खेळाडूला १०–८ हरवलं. अठरा फ्रेम्सचा सामना. तू बेस्ट ऑफ फाइव्हच्या (पाचपैकी तीन फ्रेम्स आधी जिंकेल तो विजेता) बाहेर कधी खेळली नाहीस. क्रूसिबल जिंकायला आज १०, १३, १३, १७ आणि १८ अशा ७१ फ्रेम्स घ्याव्या लागतात, १७ दिवसांत. महिन्यातून एक रविवार कुणाला तरी पकडून बेस्ट ऑफ फिफ्टीन खेळ. नवव्या-दहाव्या फ्रेमनंतर तुझा मनगटाचा दोष परत येतो का, ते तिथे कळेल. मुलगा असो की मुलगी, तुझ्यापेक्षा वीस गुणांनी भारी असेल असा जोडीदार शोध.

टीव्हीवरून नक्कल करताना एक भान ठेव. तिथल्या टेबलांना स्लेटखाली हीटर असतात, कापड पातळ आणि नवं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कापड ओलावा धरतं, व्हाइट कमी पळतो आणि लांबचा स्क्रू वाटेतच विरतो. त्यामुळे पावसाळ्यात पोझिशन लहान ठेव, लांबच्या स्क्रूऐवजी कुशनवरून ये. टेबलाला ब्रश आणि इस्त्री बॉककडून ब्लॅककडे झाली आहे का, ते खेळायच्या आधी विचार; उलटी झाली असेल तर हळू मारलेल्या बॉलांवर विश्वास नको.

सामने बघायची पद्धतही बदल. आठवड्याला एकच सेशन, पण पूर्ण, क्लिप नाही. वहीत प्रत्येक खेपेला तीन नोंदी: टेबलावर कसा आला (लांब पॉट, समोरच्याची चूक की सेफ्टी), किती गुण केले, कसा गेला. तिसऱ्या रकान्यावर जास्त लक्ष दे. मोठे खेळाडू पॉट चुकून किती वेळा उठतात आणि स्वतः ठरवून सेफ्टी मारून किती वेळा, हे एका सेशनमध्ये दिसतं. मग तीच वही तुझ्या स्वतःच्या पाच फ्रेम्ससाठी भर.

दोन तासांपैकी पहिला अर्धा तास स्पॉटवरचा व्हाइट, पुढचा अर्धा ब्लॅकभोवतीचे रेड, मग अर्धा सेफ्टी आणि ब्रेक-ऑफ, वीस मिनिटं पॅक, उरलेली दहा डाव्या हाताला. फ्रेम्स वेगळ्या दिवशी. सहा आठवडे असं चालू दे, तोवर रॉनीच्या क्लिप बंद.

तुझी टिप बशीसारखी चपटी झालीय, ती बदल. साडेनऊ मिलिमीटरची, मध्यम. नवी टिप बसायला आठ-दहा तास खेळ लागतो, तेव्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी नको, या आठवड्यातच.

तुझे,
सर